यादीत नाव

एक यादी चिकोडीहून आली, एक शिरोळहून.
दोन्ही माझ्याच पिशवीत, कारण राज्यं दोन असली तरी
मळीबेटाची पासबुकं एकाच बँकेची.
गळ्यात अंगठ्याचं मशीन,
अंकलीपर्यंत बस, पुढे सत्याप्पा अंबीची होडी.
"मधोमध बसा बाई," तो म्हणाला,
"कडेला बसलं की ही रुसतीया."
पायाशी पाणी होतं. त्यानं डालड्याचा डबा माझ्या हातात दिला
आणि वल्हं धरलं.

वरून कोयना सोडते, खालून हिप्परगी अडवते,
मधे एकवीस घरं.
यंदा एकोणीस दिवस तिथं कोणी गेलं नाही,
कोणी आलं नाही.
त्या एकोणीस दिवसांचे हे पैसे.

बेटाच्या पोटातून एक रेघ जाते.
नकाशात दिसते, तिथं शोधावी लागते.
हद्दीचा एक दगड आहे, त्यावर बायका गोधड्या आपटतात;
आपटून आपटून आकडा गेलाय,
कुठली बाजू कुणाची हे आता साबणाला ठाऊक.

अलीकडच्या अकरा घरांना तीन तीन हजार आणि तांदूळ.
पलीकडच्या दहांना पाच पाच.
तवनाप्पा मगदूमची चूल अलीकडे, गोठा पलीकडे.
मंजूर झालं ते गोठ्याला.
"म्हशीचा अंगठा घ्या की," तो म्हणाला.
सगळे हसले, तो नाही.

रत्नव्वानं बोट टेकलं. लाल दिवा.
दुसरं टेकलं. लाल.
राखेनं भांडी, वाळूनं कळशा, सत्तर वर्षं,
रेघा उरल्यात कुठं?
मशीन म्हणतं, ही रत्नव्वा नाही.
ती मशीनला म्हणाली, "बर्री, कूडरी,
आलाईस तर च्या घिऊन जा."

मी याद्या वाचत गेले.
शिडगौडा, आहे. कलाप्पा, आहे.
निंगव्वा, गेली, एकोणिसातल्या अकराव्या दिवशी,
कळा सुरू झाल्यावर.
पलीकडची होडी फुटलेली, अलीकडची कुडचीला अडकलेली.
यादीत तिचं नाव होतं. स्पेलिंगसुद्धा बरोबर.

सासू आक्काताई जाळ्याच्या गाठी सोडवत होती.
मान वर न करता म्हणाली,
"नाव हाय म्हणतीस.
नाव असती तर पोरगी असती."

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
कोंबड्या तेवढ्या रेघेच्या दोन्हीकडे फिरत होत्या.

संध्याकाळी दगडाजवळ पैसे मोजले.
त्र्याऐंशी हजार.
तीनवाल्यांनी तीन टाकले, पाचवाल्यांनी पाच.
शिडगौडा कुरकुरला, घरी गेला,
बायकोनं परत पाठवला.
तांदूळ तेवढा ज्याचा त्यानं ठेवला, पोरं होती घरात.
सत्याप्पा म्हणाला, सागवान नको, परवडणार नाही,
पण तळाला डांबर चांगलं मारू.

माझ्या फॉर्मात "रक्कम कशासाठी" असा रकाना नाही.
आहे तो एकच मोठा, अर्जदाराचा.
मराठी फॉर्मावर, "नाव" पुढे, मी लिहिलं: नाव.
तो पास झाला. कुणी पाहिलंही नसेल.
कन्नड फॉर्मावर, "हेसरु" पुढे, लिहिलं: दोणी.
तो पंधरा दिवसांनी परत आला, लाल शाईत:
ही दोणी कोण? आधार जोडावे.

मी तो घेऊन पुन्हा बेटावर गेले, काय लिहू विचारायला.
नवी अजून उपडीच होती, डांबर ओलं,
आक्काताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी.

"दोणव्वा लिव्हा," सत्याप्पा म्हणाला.
आडनाव?
"अंबी."
वय?
त्यानं बोट लावून पाहिलं.
काळं झालेलं बोट माझ्या मशीनवर टेकवलं,
सहज, गंमत म्हणून.

दिवा कुठला लागला
ते उन्हात नीट दिसलं नाही.